प्रेस टूलमधला बेंड रेडियस: कॅडमध्ये तो हातात कसा ठेवायचा

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या कुठल्याही टूलरूममध्ये, म्हणजे पत्र्याचे पार्ट दाबून काढणारी प्रेस टूल बनवतात तिथे, ट्रायआउटच्या (नव्या टूलच्या पहिल्या चाचणीच्या) दिवशी एक वाक्य हमखास कानावर पडतं: "कोन उघडतोय." म्हणजे वाकवलेला पत्रा दाब सुटल्यावर थोडा परत सरळ होतोय. मग कोणी शिम (पातळ पट्टी) टाकतं, कोणी पंचाच्या (पत्रा दाबणाऱ्या भागाच्या) नाकावर ग्राइंडर फिरवतं, कोणी प्रेस आणखी खाली उतरवतं. संध्याकाळपर्यंत पार्ट कसाबसा ओके होतो. पण तोवर त्या पंचाचा रेडियस (नाकाची गोलाई) मॉडेलमध्ये एक, ड्रॉइंगवर दुसरा आणि लोखंडात तिसराच झालेला असतो. पुढे कधीतरी इन्सर्ट (टूलमधला बदलता येणारा तुकडा) झिजतो, नवा इन्सर्ट जुन्या मॉडेलवरून मशीन होतो, आणि कोन पुन्हा उघडतो.

यातला बराचसा त्रास कॅडमध्येच टाळता येतो. त्यासाठी फिलेट, म्हणजे कोपरा गोल करणाऱ्या कमांडकडे बघण्याची सवय बदलावी लागते. फिलेट हे शेवटी मारायचं सुशोभीकरण नाही. पत्रा फाटणार की नाही, ब्लँक (वाकवण्याआधीचा सपाट तुकडा) किती कापायचा, कोन किती उघडणार, व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) कुठला कटर लागणार, हे सगळं त्या एका आकड्यावर चालतं. म्हणून तो आकडा मॉडेलमध्ये एकाच ठिकाणी लिहायचा आणि बाकीचे सगळे रेडियस त्याच्यापासून हिशेबाने काढायचे. पुढच्या सगळ्या पायऱ्या हेच कसं करायचं ते सांगतात.

उदाहरणाला एक साधा काटकोनी ब्रॅकेट धरू. दुचाकीच्या सीटखाली असतात तसला. २ मिमी सीआरसीए (कोल्ड रोल करून ॲनील केलेला) पत्रा, डीडी (डीप ड्रॉइंग) ग्रेड, बाहेरून मापं ४० आणि ३०, आतला रेडियस ३.

कॅड उघडण्याआधी ड्रॉइंगला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न: रेडियस आतला की बाहेरचा? ड्रॉइंगवर नुसतं "आर ३" असतं आणि बाण नेमका दोन रेषांच्या मध्ये कुठेतरी टेकलेला असतो. २ मिमी पत्र्यात आतला ३ आणि बाहेरचा ३ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाहेरचा ३ म्हणजे आतला फक्त १. बाहेरचा रेडियस जाडीपेक्षाही कमी दिला असेल तर तिथेच थांबा आणि ग्राहकाला फोन करा. तसा बेंड साध्या वाकवण्याने येत नाही, कोपऱ्यात मटेरियल दाबून भरावं लागतं.

दुसरा प्रश्न: सरफेस डेटा आला असेल तर तो पत्र्याच्या कुठल्या बाजूचा? गाडीच्या पार्टचा डेटा बऱ्याचदा एकाच बाजूच्या सरफेसचा येतो आणि जाडी कुठल्या दिशेला हे वेगळं सांगितलेलं असतं. ही दिशा उलटी धरली तर आतले रेडियस बाहेरचे होतात. स्क्रीनवर ते अजिबात खुपत नाही, ही त्यातली खरी गोम.

तिसरा प्रश्न: खरी जाडी किती? २ मिमी हा ऑर्डरवरचा आकडा. कॉइलच्या जाडीला टॉलरन्स असतो, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा थर असतो. शक्य असेल तर स्टोअरमधून तुकडा मागवा आणि चार ठिकाणी मायक्रोमीटर लावा.

शेवटी रोलिंगची दिशा आणि बरची (कापताना कडेला उठणाऱ्या धारेची) बाजू. बेंडची रेषा रोलिंगच्या दिशेला आडवी असेल तर पत्रा जास्त सोसतो, समांतर असेल तर लवकर चिरतो. बर बेंडच्या आतल्या बाजूला ठेवावा. तो बाहेर आला तर ताणलेल्या कडेवर चिरेला आयती सुरुवात मिळते. या दोन्ही गोष्टी स्ट्रिप लेआउट (पट्टीवर पार्टची मांडणी) करतानाच ठरतात, म्हणून रेडियसचा विचार लेआउटच्या आधी व्हायला हवा.

हा रेडियस पत्र्याला झेपेल का

बेंडच्या बाहेरच्या कडेला किती ताण पडतो हे एका ओळीत निघतं:

बाहेरचा ताण = १ ÷ (२ × आतला रेडियस ÷ जाडी + १)

आपल्या ब्रॅकेटला रेडियस ३, जाडी २. म्हणजे १ ÷ ४, २५ टक्के. रेडियस २ केला तर ३३ टक्के, १ केला तर ५० टक्के. खाली उतरताना ताण किती झपाट्याने चढतो ते बघा.

सोसण्याची मर्यादा काढायला पाठ्यपुस्तकी सूत्र आहे: किमान रेडियस भागिले जाडी = ५० ÷ (टेन्साइल चाचणीतली क्षेत्रफळाची टक्केवारी घट) − १. घट ५० टक्के असेल तर उत्तर शून्य येतं, म्हणजे पत्रा जवळजवळ धारेवर वाकेल. २५ टक्के असेल तर जाडीएवढा रेडियस हवा. अडचण अशी की पत्र्याच्या टेस्ट सर्टिफिकेटवर ही घट सहसा नसते, एलाँगेशन (लांबीतली वाढ) असतं. दोन्ही एकच समजून आकडे घालू नका.

व्यवहारात धरतात ते असं: आयएस ५१३ या पत्र्याच्या भारतीय मानकातले, जुन्या नावांनी डीडी, ईडीडी म्हणतात ते ग्रेड जाडीच्या अर्ध्या रेडियसवर सहज वाकतात. एसएस ३०४ ला जाडीच्या अर्ध्यापासून एक पटीपर्यंत ठेवावं. ६०६१-टी६ ॲल्युमिनियमला तीन पट किंवा जास्त, नाहीतर ते काचेसारखं तडकतं. हाय स्ट्रेंग्थ पत्र्याला मिलच्या डेटाशीटवर किमान रेडियस छापलेला असतो, तोच पाळा. आपल्या भागातल्या टूलरूमना सवय आहे डी आणि डीडीची. त्या सवयीने कोणी ड्युअल फेज स्टीलला, म्हणजे अशाच एका हाय स्ट्रेंग्थ पत्र्याला, जाडीच्या निम्मा रेडियस देतो आणि पहिल्याच स्ट्रोकला बाहेरची कड उघडी पडते.

शंका असेल तर त्याच पत्र्याच्या दोन पट्ट्या कापा, एक रोलिंगच्या दिशेने, एक आडवी. दोन्ही ठरलेल्या रेडियसवर वाकवा आणि बाहेरची कड भिंगातून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आकडे एका जागी

आता मॉडेल. कुठलंही स्केच काढण्याआधी पॅरामीटर तयार करा. एनएक्समध्ये एक्स्प्रेशन्स, सॉलिडवर्क्समध्ये ग्लोबल व्हेरिएबल, कॅटिया आणि क्रिओमध्ये पॅरामीटर. नाव काहीही द्या, पण वाचणाऱ्याला कळेल असं द्या:

जाडी = २
पार्टचा आतला रेडियस = ३
पार्टचा बाहेरचा रेडियस = आतला रेडियस + जाडी
के-फॅक्टर (वाकताना लांबी न बदलणारी रेषा आतून जाडीच्या किती भागावर आहे) = ०.४२
टूलचा रेडियस = (स्प्रिंगबॅकच्या, म्हणजे पत्रा परत उघडण्याच्या हिशेबाने, पुढे येईल)
लीड-इन रेडियस (टूलचं तोंड, जिथून पत्रा आत शिरतो) = जाडी × ४

बाहेरचा रेडियस कधीही हाताने टाइप करायचा नाही, एवढा एक नियम कडक पाळा. तो नेहमी बेरजेतून आला पाहिजे. जाडी २ ची १.६ झाली की फक्त एक आकडा बदलायचा आणि पार्ट, ब्लँक, डाय (पंचासमोरचा भाग) सगळं एकत्र हलायला हवं. हललं नाही तर कुठेतरी कोणी आकडा हाताने कोंबला आहे. तो आत्ताच शोधा.

रेडियसचा ब्लँकवर काय परिणाम होतो ते एकदा हाताने करून बघा:

बेंड अलाउन्स (बेंडमध्ये जाणारी पत्र्याची लांबी) = ०.०१७४५ × कोन × (आतला रेडियस + के × जाडी)

९० अंशाला: १.५७०८ × (३ + ०.८४) = ६.०३. बेंड डिडक्शन (बाहेरच्या मापांच्या बेरजेतून वजा करायचा आकडा) = २ × (३ + २) − ६.०३ = ३.९७. ब्लँकची लांबी ४० + ३० − ३.९७ = ६६.०३.

आता हाच रेडियस टूलमध्ये गुपचूप २ झाला असं समजा. के तोच ठेवून अलाउन्स ४.४६, डिडक्शन ३.५४, ब्लँक हवा ६६.४६. एका बेंडमागे ०.४३ मिमीचा फरक. यू आकाराच्या पार्टला दोन बेंड, म्हणजे ०.८६. फ्लँजवरचं (वाकवलेल्या पायावरचं) भोक पॉझिशनमध्ये बसत नाही म्हणून पिअर्सिंग (भोक पाडणाऱ्या) स्टेशनला शिव्या पडत असतात, आणि दोषी असतो चार स्टेशन पुढचा पंचाचा रेडियस.

के-फॅक्टर ०.४२ कुठून आला? रेडियस जाडीच्या मानाने लहान असेल तर के ०.३३ च्या आसपास उतरतो, मोठा होत गेला की ०.५ कडे जातो. पण तक्त्यापेक्षा पट्टी बरी. १०० मिमी लांबीची पट्टी घ्या, ठरलेल्या रेडियसवर काटकोनात वाकवा, दोन्ही पाय बाहेरून मोजा. बेरीज १०३.९७ आली तर डिडक्शन ३.९७. तिथून उलटं: अलाउन्स = १० − ३.९७ = ६.०३, के = (६.०३ ÷ १.५७०८ − ३) ÷ २ = ०.४२. हा आकडा तुमच्या पत्र्याचा, तुमच्या टूलच्या पद्धतीचा. सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरून आलेला के बिनदिक्कत वापरू नका.

बाहेरून आलेला डेटा

ग्राहकाची स्टेप फाइल (कुठल्याही कॅडमध्ये उघडणारी ३डी फाइल) आली की तिच्यातले फिलेट हे फिलेट राहिलेले नसतात, नुसते सरफेस असतात. काही ठिकाणी खरा सिलिंडर असतो, काही ठिकाणी स्प्लाइन सरफेस. ३ चा म्हणून दिसणारा बेंड एका टोकाला २.९ आणि दुसऱ्या टोकाला ३.३ निघतो. टूल सरळ यावरून काढू नका. बेंडचे फेस काढून टाका, शेजारचे सपाट फेस वाढवून एकमेकांना भिडवा आणि फिलेट आपल्या पॅरामीटरने परत मारा. पाच-दहा बेंडच्या ब्रॅकेटला हे फार वेळ खात नाही. मोठ्या स्किन पॅनेलला एवढी मोकळीक नसते, तिथे दिसणाऱ्या कडा डिझाइनवाल्यांनी ठरवलेल्या असतात. त्यांना हात लावायच्या आधी लेखी विचारा.

धारेचं मॉडेल आधी, फिलेट नंतर

पार्टची एकच बाजू निवडा. बेंडिंग टूलला मी आतली बाजू घेतो, कारण पत्रा ज्या नाकाभोवती गुंडाळला जातो ते नाक आतल्या बाजूला असतं. त्या बाजूचे सगळे सपाट फेस धारेवर भिडलेले, बिनफिलेटचे ठेवा आणि तेवढं मॉडेल वेगळं जपून ठेवा. ओव्हरबेंडचा (पत्रा परत उघडणार म्हणून जास्त वाकवण्याचा) कोन बदलायचा असो की रेडियस, काम याच मॉडेलवर होतं. फिलेट लागल्यावर कोन फिरवायला गेलात तर निम्मी फीचर ट्री (मॉडेलच्या पायऱ्यांची यादी) एररने लाल होते.

फिलेट मारल्यावर दुसरी बाजू ऑफसेटने काढा, जाडीच्या पॅरामीटरएवढ्या. दुसऱ्या बाजूला स्वतंत्र फिलेट मारायचा मोह टाळा. का, ते आकड्यात बघू.

मॅच होणाऱ्या पंच-डायमध्ये, म्हणजे व्ही डाय, तळ असलेली यू डाय किंवा रिस्ट्राइक (पुन्हा दाबणाऱ्या) स्टेशनमध्ये, काटकोनी कोपऱ्यात तिरकी गॅप अशी निघते:

गॅप = १.४१४ × जाडी + ०.४१४ × (आतला रेडियस − बाहेरचा रेडियस)

आत ३, बाहेर ५ असेल तर: २.८३ − ०.८३ = २.०. पत्रा बरोबर बसला. आता कोणी घाईत दोन्हीकडे ३ मारला: गॅप २.८३. कोपऱ्यात पत्रा पाऊण मिलिमीटर मोकळा. पंच पूर्ण खाली येऊनही बेंड दाबला जात नाही, आणि कोन प्रेसच्या लहरीवर. उलट बाजूने, आत १ आणि बाहेर ५ झालं तर गॅप १.१७. त्यात २ मिमी पत्रा कोंबायचा म्हणजे एकतर पत्रा चिरडतो, नाहीतर डायचा कोपरा तडकतो. स्क्रीनवर तिन्ही मॉडेल सारखीच गोंडस दिसतात. फरक कळतो तो सेक्शन घेऊन तिरकं माप काढल्यावर.

कुठला रेडियस काम करतो, कुठला नुसता बसलेला असतो

वरचं वाचून कोणी म्हणेल की गॅप सगळीकडे बरोबर जाडीएवढीच हवी. तसंही नाही. टूलच्या बाहेर फुगलेल्या रेडियसवरून पत्रा वाकतो किंवा सरकतो, काम तोच करतो. आत दबलेला, खोबणीतला रेडियस बहुतेक वेळा मोकळाच बरा. ड्रॉ टूलमध्ये (पत्रा ओढून खोलगट करणाऱ्या टूलमध्ये) तो मुद्दाम हिशेबापेक्षा लहान ठेवून कोपऱ्याला रिलीफ देतात, म्हणजे स्पॉटिंग करताना (टूल कुठे टेकतं ते निळा रंग लावून बघताना) निळं नको तिथे लागत नाही आणि दाब सपाट भागावर येतो. बेंडचा कोपरा दाबून कोन बसवायचा असेल, तिथे मात्र गॅप मोजून जाडीएवढी. कुठल्या कोपऱ्यात काय हवं ते तुम्ही ठरवा आणि मॉडेलमध्ये वेगळ्या पॅरामीटरने लिहा. मी काम करणाऱ्या रेडियसना एक रंग देतो आणि रिलीफना दुसरा. व्हीएमसीवाला आणि पॉलिशवाला दोघांनाही त्याचा उपयोग होतो.

आपला ब्रॅकेट साध्या फ्लँजिंग टूलवर करायचा तर खोबणीतला कोपरा नसतोच. डाय ब्लॉकच्या कडेला पार्टचा आतला रेडियस, वरून पत्रा दाबून धरणारा प्रेशर पॅड, आणि बाजूने खाली उतरणारा फॉर्म स्टील. या फॉर्म स्टीलच्या तोंडाला जो रेडियस असतो त्याचा पार्टच्या आकाराशी संबंध नाही, पण पत्र्यावर ओरखडे उठणार की नाही ते तोच ठरवतो. तो सढळ हाताने द्या, जाडीच्या तीन-चार पट तरी. नवशिक्या डिझायनर तिथे सवयीने १ चा फिलेट मारतो, आणि हजारेक पार्टनंतर फ्लँजवर उभ्या रेघा येऊ लागतात.

फॉर्म स्टील आणि डाय यांमधली गॅप मऊ पत्र्याला मोजलेल्या जास्तीत जास्त जाडीएवढी. त्याहून कमी केली तर कोन सुधारतो हे खरं, पण पत्रा घासून पातळ होतो आणि टूलचं आयुष्य घटतं.

ड्रॉ टूलचं गणित निराळं. तिथे डायच्या तोंडाचा रेडियस जाडीच्या साधारण ५ ते १० पट धरतात. लहान ठेवला तर पत्रा सरकत नाही, फाटतो. फार मोठा केला तर ब्लँक होल्डरच्या पकडीतून लवकर सुटतो आणि सुरकुत्या पडतात. ट्रायआउटला तो वाढवता येतो, कमी करायचा तर वेल्डिंग. म्हणून सुरुवात लहान बाजूने करा.

स्प्रिंगबॅक: टूलचा रेडियस पार्टपेक्षा लहान

नुसत्या कोनाने ओव्हरबेंड करणारे पुष्कळ आहेत. पण बेंड उघडतो तेव्हा कोनाबरोबर रेडियसही मोठा होतो. दोन्ही एकत्र धरायला हवेत. रेडियस जाडीच्या मानाने फार मोठा नसेल तोवर हे चालतं:

टूलचा रेडियस = पार्टचा रेडियस ÷ (१ + ३ × पार्टचा रेडियस × यील्ड ÷ (ई × जाडी))

यील्ड म्हणजे पत्रा कायमचा वाकू लागतो तो स्ट्रेस. ई म्हणजे यंग्ज मॉड्युलस (मटेरियलचा ताठपणा), स्टीलला २,००,००० एमपीए धरा. कोनासाठी (रेडियस + अर्धी जाडी) × वाकवण्याचा कोन हा गुणाकार आधी-नंतर सारखाच राहतो.

१ मिमी पत्रा, यील्ड ४०० एमपीए, पार्टचा रेडियस १० असं घेऊ. खालची राशी १.०६, म्हणजे टूलचा रेडियस ९.४३. कोन: १०.५ × ९० ÷ ९.९३ = ९५.२ अंश. पार्टला ९० हवे असतील तर वाकवायचा ९५.२, तोही ९.४३ च्या नाकावर. हाच पत्रा २ च्या रेडियसवर वाकवला तर जेमतेम १ अंश परत येतो. आणि २०० यील्डच्या मऊ पत्र्याला १० च्या रेडियसवर साधारण अडीच अंश. पत्रा कडक आणि रेडियस मोठा, हे दोन्ही एकत्र आले की टूल त्रास देणार हे कोटेशन देतानाच ओळखा.

हे सूत्र शुद्ध वाकवण्याचं आहे. फ्लँजिंगमध्ये फ्लँजचा सरळ पायही थोडा वाकतो आणि तोही परत येतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा बहुधा याहून जास्त निघतो. आपल्या २ मिमी ब्रॅकेटला सूत्र ०.३ अंश सांगतं. त्यावर विसंबून टूल शून्य ओव्हरबेंडने काढू नका. डाय ब्लॉकच्या भिंतीला दोन-तीन अंश आतला उतार द्यायची सोय ठेवा, आणि डायची बेंडची कड वेगळ्या इन्सर्टवर घ्या. अख्खा ब्लॉक बदलण्यापेक्षा इन्सर्ट बदलणं कितीतरी स्वस्त.

ओव्हरबेंडसाठी पत्रा ९० च्या पलीकडे जायला हवा, आणि सरळ खाली येणारा फॉर्म स्टील ते एकट्याने करू शकत नाही. मग पर्याय तीन: कॅम (बाजूने आत सरकणारा भाग), रोटरी बेंडर (फिरून वाकवणारा रोलर) किंवा पुढच्या स्टेशनला रिस्ट्राइक. कोपऱ्यावर दाब देऊन कोन बसवणं हा चौथा. त्यात डायच्या कडेजवळ फॉर्म स्टीलवर बारीक उंचवटा ठेवतात. चालतो, पण पार्टवर खूण राहते आणि जाडी बदलली की कोनही बदलतो. मला तो शेवटचा उपाय वाटतो.

बेंड एकमेकांना भेटतात तिथे

एकटा सरळ बेंड कॅडमध्ये कोणालाही जमतो. फजिती होते ती कोपऱ्यात. ट्रेसारख्या आकारात उभा कोपरा आणि तळाचा बेंड एकत्र येतात. क्रम असा ठेवा: आधी उभा, मोठा रेडियस, मग तळाभोवती अखंड फिरणारा लहान रेडियस. सॉफ्टवेअर फिलेट काढतं ते दोन फेसमधून चेंडू घरंगळवत नेल्यासारखं. तळाचा चेंडू उभ्या कोपऱ्यापेक्षा मोठा असेल तर तो कोपऱ्यात मावत नाही, आणि मग तिथे कसला तरी तुटका, मुडपलेला पॅच बसतो. तो पॅच स्वीकारू नका.

ऑफसेट फेल होतो त्याचंही कारण हेच असतं. आतल्या अंगाला ऑफसेट घेताना रेडियस जाडीने कमी होतो. बाहेरचा २ आणि ऑफसेट २ म्हणजे आत शून्य. सॉफ्टवेअर एरर देतं तेव्हा ते टॉलरन्स वाढवून गप्प करायचं नसतं. ते सांगतंय की इथे पत्रा बसत नाही.

शिवाय बंद कोपरा हे बेंडिंग राहतच नाही, तो ड्रॉ आहे. किमान रेडियसचे वरचे हिशेब तिथे लागू नाहीत. पार्टला चालत असेल तर कोपरा उघडा ठेवा आणि बेंड रिलीफ द्या: रुंदी निदान जाडीएवढी, खोली आतला रेडियस अधिक जाडी. आपल्या पत्र्याला २ रुंद, ५ खोल. भोकं बेंडपासून निदान रेडियस अधिक जाडीच्या दुप्पट लांब, म्हणजे ७ मिमी, नाहीतर ती अंडाकृती होतात.

फाइल सोडण्याआधीची तपासणी

सॉलिडवर्क्सच्या चेक कमांडमध्ये किमान वक्रता रेडियस दाखवायची सोय आहे. कॅटियात सरफेस कर्व्हेचर ॲनालिसिस, एनएक्समध्ये फेस ॲनालिसिस. पंच आणि डाय दोन्हीवर चालवा आणि सगळ्यात लहान रेडियस कुठे निघतो ते बघा. ०.२ किंवा ०.०५ असं काही निघालं तर तिथे कुठलातरी पॅच मुडपलेला आहे.

मग दर बेंडला काटकोनात सेक्शन घ्या. बेंडच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये. पंच बंद स्थितीत आणून गॅप मोजा. लांब बेंडला टोकाची आणि मधली गॅप वेगळी निघाली तर फिलेट सगळीकडे एकसारखा नाही. शेवटी जाडीचा पॅरामीटर ०.१ ने वाढवून मॉडेल रीबिल्ड करा. सगळं हललं आणि काही तुटलं नाही, तर मॉडेल भरवशाचं. आकडा परत २ करायला विसरू नका.

लोखंडात उतरताना

"साहेब, इथे माझा बॉल जात नाही." व्हीएमसीवाल्याचा हा फोन आला की समजायचं, खोबणीतला रेडियस कटर न बघता दिला आहे. आत दबलेला रेडियस कटरच्या रेडियसपेक्षा मोठा हवा, बरोबरीचासुद्धा नको. बरोबरीचा असला की कटर अख्ख्या कमानीवर एकदम टेकतो, थरथरतो आणि खुणा सोडतो. रेडियस ४ ला ६ व्यासाचा बॉल नोज (गोल टोकाचा कटर) सुखाने फिरतो. रिलीफचा कोपरा असेल तर दुकानात आहे त्या कटरवरून रेडियस ठरवायला काहीच हरकत नाही.

सरळ, एकसारखा बेंड प्रोफाइल वायरकटवर (तारेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या मशीनवर) काढणं मला जास्त आवडतं. नेहमीची ०.२५ ची वायर असेल तर आतल्या कोपऱ्यात स्पार्क गॅप धरून ०.१५ च्या आसपासच्या खाली जाता येत नाही, म्हणून धारेचा कोपरा ड्रॉइंगवर मागू नका. वायरकटने पृष्ठभागावर जो जळका थर राहतो तो काम करणाऱ्या रेडियसवरून घासून काढलाच पाहिजे.

डी-२ टूल स्टीलचा इन्सर्ट ५८ ते ६० एचआरसी कडकपणाला हार्डन होऊन आला की पॉलिश. इथेच सगळ्यात जास्त रेडियस बिघडतात, कारण स्टोन हातात असतो आणि कडेला उतरतो. ड्रॉइंगवर काम करणाऱ्या रेडियसला टॉलरन्स लिहा, उदाहरणार्थ ३ ± ०.०५. रिलीफच्या रेडियसला फक्त "कमाल" लिहा. पॉलिशची दिशा पत्रा सरकतो त्या दिशेने, बेंडच्या रेषेच्या लांबीने नाही. आडव्या रेघा पत्र्याला धरून ठेवतात. आणि इन्सर्ट बुधवारी रात्री हार्डनिंगहून आला, म्हणून गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीच्या आत घाईघाईने पॉलिश उरकू नका. शुक्रवारी सकाळी प्रोफाइल प्रोजेक्टरवर (आकार मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) लावा.

ट्रायआउटनंतर मॉडेलकडे परत

रेडियस गेज छोट्या कमानीवर फसवं असतं, ३ आणि ३.२ दोन्ही बसल्यासारखे वाटतात. पार्टचा बेंड आडवा कापून प्रोफाइल प्रोजेक्टरवर बघा. कोन आणि रेडियस दोन्ही लिहून घ्या, पहिल्या पार्टचे नव्हे, सलग काही पार्ट पडल्यावरचे. बरोबर त्या कॉइलची जाडी आणि सर्टिफिकेटवरचा यील्डही लिहा. नाहीतर पुढच्या कॉइलला कोन बदलला की टूलवर खापर फुटतं.

टूलमेकरने नाकावर ग्राइंडर फिरवला असेल तर भांडू नका, नवा रेडियस मोजा. तो टूलच्या रेडियसच्या पॅरामीटरमध्ये टाका, पार्टच्या नाही. पार्टचा आकडा ग्राहकाचा आहे, त्याला हात लावायचा नाही. मॉडेल रीबिल्ड करा, ब्लँकची लांबी हलली का बघा, इन्सर्टच्या ड्रॉइंगला नवं रिव्हिजन द्या आणि तोच रिव्हिजन नंबर इन्सर्टच्या बाजूला एनग्रेव्ह करून घ्या. स्पेअर इन्सर्ट त्याच फाइलवरून मशीन करा आणि टूलबरोबरच पाठवा.